बेसबॉलमधली कारकिर्दीची सरासरी: आधी छेद बघा

कट्ट्यावर क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास पुडी सोडतो, "कसोटीत कांबळीची सरासरी सचिनपेक्षा जास्त आहे, माहितेय का?" माहितेय. विनोद कांबळी ५४.२०, सचिन तेंडुलकर ५३.७८. पण कांबळीचे डाव २१ आणि सचिनचे ३२९. हे दुसरं वाक्य ज्याच्या तोंडी लगेच येतं, त्याला बेसबॉलमधली कारकिर्दीची सरासरी अर्धी समजलेलीच आहे. उरलेली अर्धी पायरीपायरीने सांगतो.

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या लोकांची मोठी अडचण हीच असते. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतं, अमुक खेळाडू 'थ्री हंड्रेड हिटर' होता, आणि बाकीचे आदराने माना डोलावतात. आपण मनात म्हणतो, तीनशे काय? धावा? तीनशे मारल्या तर मॅच संपायला हवी.

पायरी १: आकडा उच्चारायला शिका

सूत्र एका ओळीचं आहे: हिट भागिले ॲट बॅट. चेंडू मारून स्वतःच्या बळावर बेसवर (धावत गाठायच्या चार ठाण्यांपैकी एकावर) पोचलात तर हिट. मारायची संधी मोजली गेली तर ॲट बॅट. ५०० ॲट बॅटमध्ये १५० हिट म्हणजे .३००. दशांशचिन्हाच्या आधीचं शून्य छापत नाहीत आणि बोलताना दशांशचिन्हही गिळून टाकतात. म्हणून .३०० झालं 'थ्री हंड्रेड' आणि .२७५ झालं 'टू सेव्हंटी-फाइव्ह'.

म्हणजे ज्याच्यासाठी सगळे माना डोलावत होते तो दहापैकी सात वेळा अपयशी ठरायचा. क्रिकेटवाल्याला हे पचायला वेळ लागतो. ढोबळ मापं अशी: .३०० म्हणजे नाव काढण्यासारखा, .२५० म्हणजे चारचौघांसारखा, .२०० च्या खाली गेलात तर नोकरी धोक्यात. या शेवटच्या रेषेला 'मेंडोझा लाइन' म्हणतात, मारिओ मेंडोझा नावाच्या शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). त्याची स्वतःची कारकिर्दीची सरासरी .२१५ आहे, म्हणजे तो त्या रेषेच्या वरच राहिला. नाव मात्र कायमचं चिकटलं.

.२५० आणि .३०० मध्ये अंतर केवढं? ५०० ॲट बॅटमागे २५ हिट. हंगाम सहा महिन्यांचा असतो, म्हणजे आठवड्याला साधारण एक हिट. तेवढ्यावर माणसं कोट्यधीश होतात किंवा घरी बसतात.

पायरी २: छेदात काय जातं आणि काय जात नाही

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. अंशाकडे सगळेच बघतात, घोळ असतो तो छेदात.

खेळाडू बॅट घेऊन उभा राहिला म्हणजे ॲट बॅट झाला, असं नाही. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकले आणि बॅटरला फुकट पहिला बेस मिळाला, तर तो 'वॉक'. तो छेदात धरत नाहीत. चेंडू अंगावर लागून बेस मिळाला, तोही नाही. सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी मुद्दाम बंट मारून (बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ ढकलून) स्वतः बाद झालात, तर 'सॅक्रिफाइस', तोही नाही. उंच मारलेला चेंडू झेलला गेला पण त्यावर तिसऱ्या बेसवरचा सहकारी धाव घेऊन आला, तर 'सॅक्रिफाइस फ्लाय', तोही नाही. आपल्याकडे नाबाद डाव भागाकारात येत नाही, त्याच जातीचा हा प्रकार.

उलट, क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे ('एरर') बेसवर पोचलात तर ॲट बॅट मोजला जातो, पण हिट मिळत नाही. तुम्ही बेसवर उभे असता आणि तुमची सरासरी मात्र घसरलेली असते. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं. मला अजूनही थोडं वाटतं.

एक संध्याकाळ हातावर मोजून बघा. खेळाडू पाच वेळा आला. पहिल्यांदा वॉक, मग हिट, मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), मग एररवर बेस, शेवटी सॅक्रिफाइस फ्लाय. पाचातले दोन छेदातून गेले, उरले तीन. हिट एक. त्या दिवसाची सरासरी .३३३. हे पेनाने न लिहिता जमलं की पुढे जा.

हा हिशेब बसवण्यात मोठा हात हेन्री चॅडविकचा. हा मूळचा इंग्लंडचा, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळला आणि एकोणिसाव्या शतकात त्याने या खेळाला आकडेमोडीची सवय लावली. म्हणजे सरासरीचं हे वेड क्रिकेटच्याच घरातून गेलेलं आहे.

मात्र नियम दगडावरची रेघ नव्हते. १८८७ च्या एका हंगामात वॉकसुद्धा हिट म्हणून धरले गेले. सेंट लुईसच्या टिप ओनीलची सरासरी त्या हिशेबाने .४९२ झाली. आताच्या नियमाने पुन्हा मोजली तर .४३५. सॅक्रिफाइस फ्लायची सूट कधी होती, कधी काढून घेतली. १९५४ पासून ती कायमची आहे. जुन्या खेळाडूची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

पायरी ३: सरासऱ्यांची सरासरी काढू नका

इथे इंजिनियरही घसरतात. समजा, एका वर्षी १०० ॲट बॅटमध्ये ४० हिट, म्हणजे .४००. पुढच्या वर्षी ६०० मध्ये १५०, म्हणजे .२५०. दोन्हींच्या मधला आकडा .३२५ येतो आणि तो चूक आहे. सगळे हिट एकत्र, सगळे ॲट बॅट एकत्र: १९० भागिले ७००, म्हणजे .२७१.

कारकिर्दीची सरासरी कशी हलते, हे समजायला मिकी मँटलसारखं उदाहरण नाही. न्यूयॉर्क यँकीजचा हा लाडका. १९६७ संपलं तेव्हा त्याचे ७,६६७ ॲट बॅटमध्ये २,३१२ हिट होते, म्हणजे .३०२. गुडघे संपले होते, तरी तो १९६८ ला खेळला. ४३५ ॲट बॅटमध्ये १०३ हिट, .२३७. एकूण ८,१०२ मध्ये २,४१५ आणि कारकीर्द .२९८ वर बंद झाली. ही सल त्याने पुढे बोलूनही दाखवली.

आता आकडा उलटा तपासा. तिसऱ्या दशांशापर्यंत जवळच्या आकड्याला नेतात, त्यामुळे त्याला .३०० छापून येण्यासाठी २,४२७ हिट लागले असते. फक्त बारा कमी पडले. पण छेद आठ हजारांचा झाला की एक हिट सरासरीला जेमतेम गुदगुल्या करतो. तरुणपणी एका चांगल्या आठवड्यात वर जाणारा आकडा म्हातारपणी एका अख्ख्या वाईट वर्षाने खाली येतो आणि मग तो वर चढवायला वेळ उरलेला नसतो. म्हणून चालू खेळाडूची सरासरी आणि निवृत्ताची सरासरी शेजारी ठेवताना जपून. चालू खेळाडूची उतरण अजून बाकी असते.

तिसऱ्या दशांशाची आणखी एक गंमत. रॉजर्स हॉर्न्सबीचे २,९३० हिट, ८,१७३ ॲट बॅट. भागाकार करा: .३५८४९७५. छापतात .३५८. एक हिट, फक्त एक, जास्त पडला असता तर .३५९ झालं असतं.

आणि टेड विल्यम्स. २८ सप्टेंबर १९४१, हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन सामने. त्या सकाळी तो ४४८ मध्ये १७९ वर होता, म्हणजे .३९९५५. छापताना .४०० झालं असतं. व्यवस्थापकाने बाहेर बसायची मुभा दिली होती. विल्यम्स दोन्ही सामने खेळला, आठमध्ये सहा हिट मारले आणि .४०६ वर थांबला. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या, म्हणजे मेजर लीगच्या, दोन शाखा) त्यानंतर एकाही खेळाडूने पूर्ण हंगामात .४०० गाठलेलं नाही. त्याची कारकिर्दीची सरासरी .३४४, तीही दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियाच्या युद्धात वैमानिक म्हणून मोठा काळ घालवून.

पायरी ४: किमान किती?

कारकिर्दीची सर्वात मोठी सरासरी कुणाची, असं विचारलं तर तांत्रिकदृष्ट्या खरं उत्तर आहे १.०००. २९ सप्टेंबर १९६३ रोजी ह्यूस्टनच्या संघाकडून जॉन पॅचोरेक नावाचा पोरगा पहिला सामना खेळला. तीन ॲट बॅट, तीन हिट, वर दोन वॉक. मग पाठीच्या दुखण्याने त्याला पुन्हा कधी त्या पातळीवर खेळता आलं नाही. कसोटीत वेस्ट इंडीजच्या अँडी गँटॉमचं हेच झालं: १९४८ मध्ये एकच डाव, ११२ धावा, सरासरी ११२, ब्रॅडमनच्याही वर.

असली उत्तरं टाळायला यादीला किमान अट लावतात. अट कोणती, हे यादीच्या डोक्यावर किंवा पायाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, नावं नंतर. कुठे ३,००० वेळा बॅटिंगला येण्याची अट असते, कुठे ५,००० ॲट बॅटची.

फरक काय पडतो? 'शूलेस' जो जॅक्सनचं नाव घ्या. १,७७२ हिट, ४,९८१ ॲट बॅट, .३५६. सोप्या अटीच्या यादीत तो अगदी वरच्या काहींत दिसतो. ५,००० ॲट बॅटची अट आली की तो गायब होतो, अवघ्या १९ ॲट बॅटमुळे. हा पाचेक सामन्यांचा खेळ. आणि तो का खेळला नाही? १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेत) पैसे घेऊन सामने सोडल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांवर जन्मभराची बंदी आली, त्यात हा होता. शेवटच्या वर्षी, १९२० मध्ये, त्याची सरासरी .३८२ होती. बंदीच्या यादीतून त्याचं नाव काढलं २०२५ च्या मे महिन्यात, तो जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाल्यावर. ॲट बॅट मात्र तेवढेच राहिले.

हॉर्न्सबीला मिळाला त्या बंदीचा फायदा म्हणायचा का? नाही. तो जॅक्सनच्या पुढे होताच. पण या बंदीमुळे जॅक्सनची उतरण आकड्यात कधी आलीच नाही, हेही खरं. मँटलला जे भोगावं लागलं ते जॅक्सनच्या वाट्याला आलं नाही. दोन्ही बाजूंनी विचार करा, मग वाद घाला.

जपानमध्ये अट ४,००० ॲट बॅटची. इचिरो सुझुकीने तिथे नऊ हंगामांत ३,६१९ ॲट बॅटमध्ये १,२७८ हिट मारले, .३५३, आणि मग तो सिॲटलला निघून गेला. त्यामुळे जपानच्या यादीत इचिरोच नाही. जपान आणि अमेरिकेतले आकडे एकत्र करून सरासरी सांगणारे लोक भेटतील. ऐकून घ्या, पण अधिकृत यादी असं करत नाही.

पायरी ५: वही कुणी लिहिली ते विचारा

कित्येक वर्षं एक आकडा पाठ असायचा: टाय कोब, .३६७. १९०५ ते १९२८, चोवीस हंगाम, त्यातले बावीस डेट्रॉइटकडून. हिट ४,१९१. काही संकेतस्थळांवर मात्र तुम्हाला .३६६ आणि ४,१८९ दिसेल. छपाईची चूक नाही ती.

गोष्ट १९१० ची. चाल्मर्स नावाच्या मोटार कंपनीने सर्वात जास्त सरासरीच्या खेळाडूला गाडी जाहीर केली होती. कोब पुढे होता, म्हणून शेवटचे सामने तो खेळलाच नाही. (विल्यम्सने एकतीस वर्षांनी नेमकं उलटं केलं.) क्लीव्हलंडचा नॅप लाजोई मागे होता. कोब विरोधकांना इतका नकोसा होता की शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या व्यवस्थापकाने आपल्या तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला खूप मागे उभं केलं. लाजोई हळूच बंट मारत राहिला आणि दोन सामन्यांत त्याला आठ हिट मिळाले. बोंबाबोंब झाली, त्या व्यवस्थापकाची नोकरी गेली, लीगने कोबलाच विजेता ठरवलं आणि कंपनीने दोघांनाही गाडी देऊन टाकली.

एवढ्यावर संपलं नाही. पुढे जुन्या वह्या तपासताना पीट पामर या संशोधकाला दिसलं की कोबचा त्या वर्षीचा एक सामना दोनदा लिहिला गेला आहे, तीन ॲट बॅटमध्ये दोन हिटचा. १९८१ मध्ये ते छापून आलं. तेव्हाचे कमिशनर, म्हणजे मेजर लीगचे प्रमुख, बोवी क्यून यांनी आकडा बदलायला नकार दिला. म्हणून आज दोन कोब आहेत: अधिकृत यादीतला .३६७ आणि संशोधकांच्या यादीतला .३६६. पीट रोझने १९८५ मध्ये कोबचा ४,१९१ हिटचा विक्रम ११ सप्टेंबरला सिनसिनाटीत मोडला आणि गावभर जल्लोष झाला. दुरुस्त हिशेबाने तो तीन दिवस आधी शिकागोतच मोडला होता. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या त्या बरोबरीसाठी.

म्हणून एक सवय लावून घ्या. दोन खेळाडूंची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

पायरी ६: कुणाला मोजलंच नव्हतं?

जुनं पुस्तक हाती लागलं तर पहिलं नाव कोबचं असेल. मेजर लीगच्या आत्ताच्या यादीत जॉश गिबसनचं आहे.

१९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती. ते स्वतःच्या लीगमध्ये, निग्रो लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनांत खेळत. गिबसन तिथला यष्टिरक्षकाच्या जागेवरचा, म्हणजे कॅचर, आणि राक्षसी ताकदीचा बॅटर. १९४७ च्या जानेवारीत तो ३५ व्या वर्षी वारला. तीन महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनकडून तो दरवाजा उघडला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजरचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये तिथले आकडे अधिकृत नोंदीत मिसळले. तेव्हा जाहीर झालेली गिबसनची सरासरी .३७२. ऑस्कर चार्ल्सटन .३६३ वर कोबच्या पाठोपाठ आला आणि हॉर्न्सबी चौथ्यावर गेला.

इथे लगेच छेदाचा प्रश्न येतो, आणि यायलाच हवा. गिबसनचे मोजलेले ॲट बॅट दोन-सव्वादोन हजारांच्या घरात, कोबचे साडेअकरा हजारांच्या जवळ. निग्रो लीगचे अधिकृत हंगाम छोटे असत. पोट भरायला संघ गावोगाव फिरून सामने खेळत आणि ते मोजले जात नाहीत. त्यामुळे त्या खेळाडूंसाठी कारकिर्दीची अट १,८०० ॲट बॅट ठेवली आहे. "हे बरोबर नाही" असं म्हणणारे भेटतील. मला ती अट रास्त वाटते. ज्यांनी गिबसनला साडेअकरा हजार ॲट बॅट मिळू दिले नाहीत, त्यांच्याच खेळाने नंतर तेवढे मागायचे, हे जरा अतीच. शिवाय २०२० साली साथीमुळे मेजर लीगचा हंगाम ६० सामन्यांचाच झाला, आणि त्याचे विजेते कुणी नाकारत नाही.

या नोंदींचं काम संपलेलं नाही. जुन्या वर्तमानपत्रांतून नवे सामने सापडले की आकडा एखाद्या हजारांशाने हलतो.

पायरी ७: वर्ष बघा

.३०१ ही सरासरी चांगली की वाईट? १९३० च्या नॅशनल लीगमध्ये सगळ्या खेळाडूंची मिळून सरासरी .३०३ होती. म्हणजे .३०१ वाला तिथे सामान्यांच्याही एक पायरी खाली. १९६८ च्या अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांची मिळून .२३० होती आणि कार्ल यस्ट्रेम्स्की .३०१ वर लीगचा विजेता ठरला. त्या वर्षी पिचरांनी इतका धुमाकूळ घातला की पुढच्या हंगामापासून ते जिथून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला.

उपाय सोपा आहे. खेळाडूच्या सरासरीला त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीने भागा. यस्ट्रेम्स्की: .३०१ भागिले .२३०, साधारण १.३१. आणि १९३० मध्ये .४०१ करणारा बिल टेरी: .४०१ भागिले .३०३, साधारण १.३२. छापील आकड्यात शंभराचं अंतर, प्रत्यक्षात दोघं जवळपास खांद्याला खांदा लावून.

याच कारणाने टोनी ग्विनकडे जरा थांबून बघा. १९८२ ते २००१, वीस वर्षं सॅन डिएगोकडूनच, ९,२८८ ॲट बॅटमध्ये ३,१४१ हिट, .३३८. दुसऱ्या महायुद्धानंतर कारकीर्द सुरू केलेल्यांत एवढी कुणाची नाही. वीस वर्षांत स्ट्राइकआउट ४३४. आजचे काही बॅटर तेवढे अडीच-तीन हंगामांत करतात.

पायरी ८: शेजारचे दोन आकडे

टीव्हीवर खेळाडू आला की खाली तीन आकडे तिरप्या रेघांनी येतात. पहिला आपला ओळखीचा. दुसरा सांगतो तो किती वेळा बेसवर पोचला, आणि यात वॉकही धरतात. तिसरा फटक्यांची ताकद सांगतो, कारण सरासरीला एका बेसचा हिट आणि होमरन (चारही बेस घेणारा फटका) सारखेच.

टीव्हीवरचे आकडे बहुधा त्या हंगामाचे असतात, कारकिर्दीचे नव्हेत. एप्रिलच्या सुरुवातीला .४५० दिसलं तर हुरळू नका, छेद पन्नासचाही नसतो. कारकीर्द बघायची तर बेसबॉल कार्ड (खेळाडूचं चित्र आणि मागे त्याचे आकडे छापलेलं) उलटं करा, तळाची ओळ वाचा.

सरावाला दोन ओळी देतो. इचिरो, फक्त अमेरिकेतला: .३११/.३५५/.४०२. जो मॉर्गन, सिनसिनाटीचा: .२७१/.३९२/.४२७. पहिल्या आकड्यात इचिरो चाळीसने पुढे. दुसऱ्यात मॉर्गन सदतीसने पुढे, कारण त्याने आयुष्यभर जे वॉक गोळा केले ते पहिल्या आकड्याच्या छेदात कधी आलेच नव्हते.